मुंबई टाइम, मिलीमोल आणि तोळा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या आजोबांच्या वहीत मुलांच्या जन्माच्या नोंदी आहेत. वडिलांच्या नोंदीपुढे ‘१९३८, रात्रौ ८ वा. २० मि., मुं. टा.’ असे लिहिले आहे, तर आत्याच्या नोंदीपुढे ‘१९४४, सकाळी ७ वा. १० मि., स्टँ. टा.’ असे आहे. दोघांचा जन्म गिरगावातच झाला. दोघांच्याही पत्रिका आम्ही संगणकावर नव्याने करून घेतल्या, तेव्हा वडिलांची लग्नराशी, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, जुन्या पत्रिकेशी जुळेना. चूक कोठे झाली असावी?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : आजोबांनी वेळेपुढे ही दोन अक्षरे लिहून ठेवली, हे आपले भाग्यच म्हणायचे. ‘मुं. टा.’ म्हणजे मुंबई टाइम. मुंबई साधारण ७२ अंश ५० कला पूर्व रेखांशावर आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून या शहराची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे धरली जात असे. १ जानेवारी १९०६ पासून देशासाठी साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची, प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईकरांनी मात्र ती मनापासून स्वीकारली नाही. गिरणी कामगारांनी विरोध केला, आणि महापालिकेने तर १९५५ पर्यंत मुंबई टाइम सोडला नाही. जवळजवळ अर्धे शतक एकाच शहरात ३९ मिनिटांचे अंतर असलेल्या दोन वेळा नांदत होत्या. दोन वेळांचा हा संसार शहराला नवाही नव्हता. त्याआधी रेल्वेची घड्याळे मद्रास टाइम दाखवत, आणि तो मुंबईच्या ३० मिनिटे पुढे असे.

तेव्हा वडिलांच्या वेळेत ३९ मिनिटे मिळवावी लागतील. आजच्या घड्याळाप्रमाणे त्यांचा जन्म ८ वाजून ५९ मिनिटांनी झाला. लग्नराशी सरासरी दोन तासांनी बदलते, त्यामुळे एवढ्या फरकाने ती पुढच्या राशीत जाऊ शकते. आत्याच्या नोंदीत निराळीच मेख आहे. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतातील घड्याळे आणखी एक तास पुढे केलेली होती. १९४४ सालचा ‘स्टँडर्ड टाइम’ ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे असल्यामुळे त्यांच्या वेळेतून एक तास वजा करून ६ वाजून १० मिनिटे धरावीत. काही संगणकप्रणाली युद्धकाळातील हा तास स्वतःच वजा करतात, म्हणून तो दोनदा वजा होत नाही ना, हे पत्रिका करणाऱ्यांना अवश्य विचारावे.

मुंबई टाइम सरकारी व्यवहारातून गेला, तरी सूर्याने तो सोडलेला नाही. आजही मुंबईत मध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांच्या सुमारास होतो. भारताचा पूर्व-पश्चिम विस्तार सुमारे २९ अंशांचा, म्हणजे जवळपास दोन तासांचा आहे आणि तो आपण एकाच वेळेत बसवला आहे. आसामातील चहामळे मात्र अजूनही एक तास पुढची ‘बागान’ वेळ पाळतात. नेपाळ आपल्या १५ मिनिटे पुढे आहे. देशांच्या वेळांत नेहमी पूर्ण किंवा अर्ध्या तासाचाच फरक असतो, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी काठमांडूला दूरध्वनी करताना हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मुलाने लंडनहून साखर तपासण्याचे यंत्र पाठवले. उपाशीपोटी तपासल्यावर त्यावर ६.४ असा आकडा आला. साखर फारच उतरली असे वाटून मी घाबरून साखरपाणी घेतले. यंत्र बिघडले आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : यंत्र बिघडलेले दिसत नाही, त्याचे एकक वेगळे आहे. भारतात आणि अमेरिकेत रक्तातील साखर १०० मिलीलिटर रक्तात किती मिलीग्रॅम आहे, असे मोजतात. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात ती एका लिटरमध्ये किती मिलीमोल आहे, असे सांगतात. ग्लुकोजचा रेणुभार १८० असल्यामुळे त्याचा एक मिलीमोल म्हणजे १८० मिलीग्रॅम, आणि १०० मिलीलिटर हा लिटरचा दहावा भाग, म्हणून मिलीमोलच्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. आपले ६.४ म्हणजे आपल्याकडचे सुमारे ११५. साखर उतरली नव्हतीच, उलट उपाशीपोटीच्या मानाने ती थोडी अधिक होती, आणि त्यावर साखरपाणी घेतले गेले. ही गोष्ट आपल्या डॉक्टरांना जरूर सांगावी. तुलनेसाठी दोन आकडे देतो : आपल्याकडचे ७० म्हणजे तिकडचे ३.९, आणि १२६ म्हणजे ७.०.

याहून फसवी गोष्ट तीन महिन्यांच्या सरासरीची, म्हणजे ‘एचबीएवनसी’ची आहे. आपल्याकडे ती टक्क्यांत देतात आणि ६.५ टक्के ही मधुमेहाची सीमारेषा मानली जाते. मुलाच्या यंत्रावर कधी ६.५ आले, तर त्याचा या ६.५ टक्क्यांशी काहीही संबंध नाही. ते सुमारे ११७ होय. शिवाय ब्रिटनमधील प्रयोगशाळा हीच सरासरी पुन्हा वेगळ्या एककात देतात आणि तेथे ६.५ टक्क्यांच्या जागी ४८ लिहिलेले असते. दोन्ही देशांतील अहवाल एकाच फाइलमध्ये लावत असाल, तर प्रत्येक आकड्यापुढे एकक स्वतःच्या हाताने लिहावे आणि फोनवरही नुसता आकडा सांगू नये. असे यंत्र बहुधा एकाच एककावर कायम केलेले असते, त्यामुळे डॉक्टरांची हरकत नसल्यास येथेच विकत घेतलेले यंत्र वापरणे मला अधिक सुरक्षित वाटते.

प्रश्न : आजीच्या यादीत पाटल्या ‘४ तोळे’ आहेत. सराफाच्या काट्यावर त्या ४६ ग्रॅमांहून अधिक भरल्या आणि तो म्हणाला, साडेचार तोळ्यांच्या वर आहेत. कोणाचे खरे?
— एक वाचक, दादर

उत्तर : दोघांचेही. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, म्हणून आजीचे चार तोळे ४६.६६ ग्रॅम होतात. मेट्रिक मापे आल्यानंतर आपल्याकडे १० ग्रॅमलाच तोळा म्हणण्याची रीत पडली. नेपाळमधील सोन्याचा भाव अजून जुन्या तोळ्यावर निघतो, आणि दुबईच्या बाजारातील दहा तोळ्यांची लगड ११६.६४ ग्रॅमचीच असते. मोड देताना किंवा वाटणी करताना वजन ग्रॅममध्येच लिहून घ्यावे.