दुष्काळ पूर्वीही पडायचे, मग हवामान बदलाचा दोष माणसाला का द्यायचा?

तुम्ही विचारलंय की सुमारे सहाशे वर्षांपूर्वी दुर्गादेवीचा दुष्काळ पडला तेव्हा ना मोटारी होत्या ना कारखाने, १९७२ लाही हवामान बदलाचं नाव कुणी घेत नव्हतं, मग आजच्या दुष्काळाला माणूस जबाबदार कसा? प्रश्न रास्त आहे. मी लातूर जिल्ह्यातला. घरची शेती आहे आणि शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून माझ्या भागातलंच उदाहरण घेऊन उत्तर देतो.

आधी तुमचं बरोबर कुठे आहे ते सांगतो. पाऊस दगा देतो, आणि तो माणसाच्या आधीपासून देतो. प्रशांत महासागराचं पाणी तापलं, एल निनो आला, की आपल्याकडचा मोसमी पाऊस बऱ्याचदा ढिला पडतो. १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ अशाच एल निनोच्या काळातला. २०१५ सालीही जबरदस्त एल निनो होता. एखाद्या वर्षी पाऊस कमी का झाला, याचं उत्तर दर वेळी 'हवामान बदल' असं देणं चुकीचं आहे.

पण हवा तापतेय ती मात्र आपल्यामुळेच, आणि हे अंदाजपंचे नाही. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेत, उष्णता अडवून ठेवणारा कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत २८० भाग होता. १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ होता, आता ४२० च्या पुढे गेलाय. हा जास्तीचा कार्बन ज्वालामुखीतून किंवा समुद्रातून आला असेल, अशी शंका बरेच जण काढतात. ती तपासता येते. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेलं असल्यामुळे त्यातला किरणोत्सारी कार्बन-१४ केव्हाच संपलेला असतो. हवेतल्या कार्बनमध्ये त्याचं प्रमाण जसं घटत गेलं, त्यावरून नवा कार्बन जमिनीखालून आलाय हे कळलं; आणि ज्वालामुखींचा कार्बन माणसाने सोडलेल्याच्या तुलनेत फारच थोडा, म्हणून तो जुन्या इंधनाचाच. दुसरी शंका सूर्याची. सूर्य जास्त तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापायला हवं होतं. प्रत्यक्षात खालची हवा तापतेय आणि वरचा स्थितांबराचा थर थंड होतोय. उष्णता खालीच अडकते तेव्हाच असं होतं. मुलांना शिकवताना मी या दोन गोष्टींवर सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण एकदा त्या समजल्या की वाद घालायला फारसं काही उरत नाही.

याचा आपल्या शिवारावर परिणाम काय? हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. म्हणजे ढग पाणी धरून ठेवतात आणि मग एकदम ओततात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० पासून मध्य भारताच्या पट्ट्यात, त्यात महाराष्ट्रही आला, मोठ्या भूभागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, सोलापूरकडे जे झालं ते तुम्ही पाहिलं असेलच. सीना नदीने काठची गावं वेढली आणि पिकाबरोबर मातीही खरडून नेली. पीक पुढच्या वर्षी येईल. गेलेल्या मातीखाली मुरूम उघडा पडला, तिथे काय पेरायचं?

आणि हा कार्बन सोडला कुणी? आजवर सोडलेल्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. भारताचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास, तोही जगाची सहावा हिस्सा लोकसंख्या आपली असताना. त्यामुळे 'आपण सगळेच सारखे दोषी' हे वाक्य मला पटत नाही. ज्वारीच्या भाकरीवर जगलेली माझी आजी आणि वीज, विमानं, मोटारींवर वाढलेला देश यांचा हिशोब एका ओळीत मांडणं अन्याय आहे.

एवढं सांगून थांबलो तर मात्र अर्धंच सांगितल्यासारखं होईल. आमच्या भागात कोरड पडली ती काही नुसती आभाळातून आली नाही.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पहिली गाडी ५ लाख लिटरची, पुढे ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश काढला होता. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. आता हे १९७२ शी ताडून बघा. त्या वर्षी खायला नव्हतं. मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाऊन, सुकडी खाऊन, खडी फोडून लोकांनी दिवस काढले. पण जुनी माणसं सांगतात की आडाला, विहिरीला पिण्यापुरतं पाणी होतं. २०१६ मध्ये दुकानात धान्य होतं आणि जमिनीत पाणी नव्हतं. मधल्या ४४ वर्षांत आपल्या हातून काय झालं, ते इथे दिसतं.

आमची जमीन काळ्या पाषाणावर बसलेली आहे. वरची माती, त्याखाली मुरूम, त्याखाली भेगा असलेला खडक, आणि मग अखंड बेसॉल्ट. पाणी साठतं ते मुरमात आणि भेगांत. ही साठवण मुळातच थोडी, दर पावसाळ्यात भरणारी. विहीर जुन्या पद्धतीची, चाळीस-पन्नास फुटांची होती तोवर उपसाही तेवढाच होता. मग बोअर आले. तमिळनाडू पासिंगच्या गाड्या रात्रभर घरघरत असतात. नारळ हातात धरून बोअरची जागा, म्हणजे पॉइंट, बघायचा, तीनशेला पाणी नाही लागलं तर सहाशे, मग आठशे. निम्म्या वेळा नुसता फुफाटा निघतो आणि कर्ज तेवढं राहतं. लागलं तर ते बरंचसं जुनं, फार सावकाश मुरलेलं पाणी असतं. शिवाय खोल बोअर वरच्या थरातलं पाणीही खाली ओढून नेतो, म्हणून शेजारच्याची विहीर आटते आणि तोही बोअर घेतो.

हे पाणी गेलं कुठे? मोठा भाग उसाला. एक हेक्टर ऊस, पाऊस धरून, २ कोटी लिटरच्या घरात पाणी पितो. म्हणजे लातूरला आलेल्या त्या पूर्ण गाड्यांपैकी आठ गाड्या एका हेक्टराला. राज्यातल्या पिकांखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा जेमतेम ४ टक्के, पण सिंचनाच्या पाण्यातला वाटा निम्म्याहून कितीतरी जास्त. २०१५-१६ च्या हंगामातही मराठवाड्यातल्या कारखान्यांची गाळपं चालूच होती.

म्हणून शेतकऱ्याला झोडपायचं का? नाही. माझा चुलतभाऊ ऊस लावतो. सोयाबीन, तूर लावून बघितली त्याने. हमीभाव जाहीर होतो, पण बाजारात बऱ्याच वेळा त्याच्या खालीच विकावं लागतं. गारपीट झाली की तूर गेली, काढणीला पाऊस आला की सोयाबीनला कोंब. ऊस वाकतो, पण सहसा हातचा जात नाही. शिवाय कारखान्याने किमान दर देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि असा बांधील खरेदीदार दुसऱ्या कुठल्याच पिकाला नाही. घर चालवायचं असलेल्या माणसाने दुसरं काय करावं? माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच तुटीच्या खोऱ्यांत उसाला आवर घालायला सांगितलं होतं. त्यानंतरही याच भागात नवे कारखाने उभे राहिले. २०० फुटांखाली शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई करणारा भूजल कायदाही २००९ मध्ये विधिमंडळाने केला. आमच्या तालुक्यात तो पाळताना मी कुणाला पाहिलं नाही. माझ्या लेखी इथला मोठा दोष परवाने देणाऱ्यांचा आणि कायदा कपाटात ठेवणाऱ्यांचा आहे, आणि त्यांना जाब न विचारता मतं देणाऱ्या आपल्या सगळ्यांचाही.

हे बदलतं का? नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. पाऊस आमच्या निम्मा, ४०० मिलिमीटरच्या आसपास. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस नाकारला, डोंगरावर चर खोदले, चराई आणि कुऱ्हाड थांबवली. दर वर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसं, मग जनावरं, उरलं त्यावर रब्बी काय पेरायचं ते ठरतं. तिथेही हवा तापतेच आहे, पाऊस तिथेही लहरी झालाय. पण कमी पावसाच्या वर्षी काय सोडायचं हे गाव आधीच ठरवतं.

शेवटी तुम्ही विचारलंय की एकट्याने काय करावं. झाड लावा, दिवे बंद करा हे तुम्हाला कुणीही सांगेल, ते कराच. मी दुसरं काम सुचवतो. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते आणि प्रत्येक पाणलोट सुरक्षित आहे की अतिशोषित, म्हणजे मुरतं त्याहून जास्त उपसलेला, हे ठरवते. तुमच्या पाणलोटाचा शेरा काय आहे ते जिल्ह्याच्या कार्यालयातून लेखी मागा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. पावसाळा संपल्यावर, रब्बीची पेरणी ठरायच्या आधी वाचा. ऊस एकदा उभा राहिला की तो मोडायला कुणी तयार होत नाही.