आंबोलीच्या जंगलात अर्ध्या दिवसासाठी गाईड कशाला?

तुम्ही विचारलंय, सोलापूरहून जुलैत आंबोलीला निघालोय, फोनमध्ये नकाशा आहे, मग चार तासांच्या जंगलवाटेसाठी गाईडला पैसे कशाला द्यायचे? आणि पॉइंटवरून दरी दिसेल का?

गाईड घ्याच. आमच्या मेहुण्यांचाही हाच हट्ट होता. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, धुकं उतरलं, दहा फुटांपलीकडचं दिसेना. ओल्या बोटांना फोन दाद देईना, रेंज नव्हतीच. मेहुणे सगळ्यात तुडवलेली वाट धरून निघाले. ती निघाली गुरांची. माणसाच्या वाटेवरच्या फांद्या डोक्याच्या वरपर्यंत छाटलेल्या असतात, गुरांच्या वाटेवर त्या कमरेपाशी आडव्या येतात. ही वाट पावलोपावली फुटते आणि शेवटी कारवीच्या झुडपांत हरवते. तसल्या कमरेच्या उंचीवरच्या फांदीवरच मलबार चापडा बसलेला असतो. विषारी साप; हिरवा, पिवळा नाहीतर तपकिरी, शेवाळात मिसळून गेलेला, दिवसा तासन्‌तास जागचा हलत नाही. आणि पाय घसरला की आपला हात नेमका तीच फांदी धरायला जातो. गाईड वाट दाखवतोच, पण त्याआधी तो हा हात अडवतो. मेहुणे अजून म्हणतात, "सापडली की ओ वाट शेवटी!" सापडली ती एका गुराख्यामुळे.

जांभ्या दगडावर पावसात काळसर, चकचकीत थर धरतो, त्यावर पाय देऊ नका; खडबडीत तांबूस भाग बघून द्या. गुळगुळीत झालेल्या तळव्याचे बूट घरीच ठेवा. पँट मोज्यात खोचा. जळू काडीएवढी बारीक असते, सैल विणीतून आत शिरते. चिकटली तर मीठ टाकू नका, चटका देऊ नका, ती पोटातलं जखमेत ओकते. तिच्या निमुळत्या टोकाखाली नख आडवं सरकवा, सुटते. नंतर बराच वेळ रक्त वाहतं. तिच्या लाळेने ते गोठत नाही, म्हणून. घाबरू नका, धुऊन पट्टी बांधा.

आपला सोलापुरी टॉवेल तिथे दोन-दोन दिवस वाळत नाही, पातळ पंचा घ्या. कडक भाकरी हवाबंद डब्यात न्या, उघडी राहिली तर तासाभरात मऊ पडते. आणि थंड हवेत तहान लवकर कळत नाही. आपल्याकडच्या उन्हात पितो तसं पाणी पीत राहा.

दरीचं म्हणाल तर जुलैत भरवसा नाही. वारा आला की धुकं पाच-दहा मिनिटं फाटतं, तेवढ्यासाठी कठड्याशी थांबायची तयारी हवी. कावळेसाद पॉइंटला दरीत पडणारं पाणी वाऱ्याने उलटं वर येतं, छत्री तिथे टिकत नाही. नुसती दरीच बघायची असेल तर ऑक्टोबरात या. कावळेसादला गाडीनेच जाता येतं, तेवढ्यापुरता गाईड नसला तरी चालेल.