विधानसभेतल्या विधेयकावर नाशिकमधून आपलं म्हणणं समितीला कळवता येतं का?

येतं, पण दरवेळी नाही. आपल्याकडे अमेरिकेतल्या राज्यांसारख्या एकेका विषयाच्या कायमच्या समित्या विधेयकं चाळत बसत नाहीत. बहुतेक विधेयकं सभागृहात थेट मंजूर होतात, कधीकधी गोंधळातच. वादाचं असेल तरच ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जातं, आणि ती समिती तेवढ्या एका विधेयकापुरतीच असते. महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांबद्दलचं 'शक्ती' विधेयक असंच गेलं होतं.

कडव्या डाव्या संघटनांविरुद्धच्या जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी अशाच समितीने लोकांकडून सूचना मागवल्या आणि 12 हजारांहून जास्त आल्या. जुलै 2025 मध्ये ते मंजूर झालं, तेव्हा त्यातल्या गुन्ह्यांचा तपास पोलीस उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला होता. म्हणजे अगदीच पाण्यात जात नाही.

मी तेव्हा माझं म्हणणं नाशिकच्या सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, टाइप करून घेतलं. टाइप करणारा म्हणाला, "काका, तीन पानं कोण वाचणार?" खरंच होतं. एका पानात बसवलं: कलम क्रमांक, त्यातले नेमके शब्द, त्याऐवजी काय हवं. निषेधाचं भाषण नको. मुदत मात्र पाळा, आणि आपल्या आमदारालाही एक प्रत द्या.