मानेवरच्या त्या दोन दोऱ्या

प्रश्न : वय ५८. दोन वर्षांत बारा किलो वजन उतरलं आणि चेहरा ओघळला. जबड्याच्या कडेला दोन्हीकडे पिशव्या लोंबतात, मानेवर दोन उभ्या दोऱ्या दिसतात. एक डॉक्टर मिनी फेसलिफ्ट (चेहरा वर ओढून घेण्याची छोटी शस्त्रक्रिया) म्हणतात, दुसरे डीप प्लेन, म्हणजे खोलवर जाऊन केलेली फेसलिफ्ट. मैत्रीण म्हणते, कातडीखाली धागे घालून चेहरा वर ओढून घे. रक्तदाबाची गोळी चालू आहे. काय करू?

उत्तर : ताई, मानेवरच्या दोऱ्यांची ओळ मी दोनदा वाचली. निर्णय तिथेच आहे.

आरशासमोर ताठ बसा. कानापुढे दोन बोटं टेकवून कातडी अलगद वर-मागे सरकवा. जबड्याची कड साफ झाली, पण दोऱ्या तशाच राहिल्या, तर मिनीनं तुमचं समाधान होणार नाही. त्यात छेद आखूड असतो, मानेपर्यंत पोचता येत नाही. त्या दोऱ्या म्हणजे प्लॅटिस्मा या पातळ स्नायूच्या सुटलेल्या कडा. हनुवटीखाली लहान छेद घेऊन त्या एकमेकींना शिवाव्या लागतात.

धागे सोडून द्या. सैल, जड कातडी ते पेलत नाहीत आणि परिणाम टिकत नाही.

कातडीखाली 'स्मास' नावाचा पडदा असतो. १९७६ साली त्याचं वर्णन झालं आणि फेसलिफ्टची शस्त्रक्रियाच बदलली. ताण या पडद्यानं घ्यायचा, कातडीनं नाही. फक्त कातडी ओढून घेतलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. कानाची पाळी खाली खेचली जाऊन गालाला चिकटलेली. त्या केसांनी कान झाकून बसल्या होत्या. मला फार वाईट वाटलं.

पडदा दुमडून शिवायचा, की त्याच्याखाली जाऊन त्याला धरून ठेवणारे बंध सोडवायचे (डीप प्लेन ते हेच), हे सर्जनचा हात कशावर बसलाय त्यावर ठरू द्या. खाली चेहरा हलवणाऱ्या नसेच्या फांद्या असतात, म्हणून डीप प्लेन नेहमी करणाऱ्याकडूनच करून घ्या. वजन उतरल्यावर गालातली चरबीही जाते. ती भरायची का, हेही विचारा.

रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. या शस्त्रक्रियेत सगळ्यात जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे कातडीखाली रक्त साकळणं, तेही बहुधा पहिल्या २४ तासांत, आणि चढलेला दाब त्याला हातभार लावतो. ॲस्पिरिन घेत असाल तर आधी सांगा. तंबाखू, सिगारेट असेल तर किमान चार आठवडे आधी बंद. नाहीतर कानामागची कातडी काळी पडून मरू शकते.

वजन सहा महिने एकाच आकड्यावर राहू द्या, मग तारीख घ्या. दोन्ही डॉक्टरांकडे वर्षभरानंतरचे फोटो मागा, बाजूनं काढलेले, कान उघडा असलेले.