दुसऱ्या महायुद्धात जुन्या रणगाड्यांवर मोठ्या तोफा का चढवल्या? त्याऐवजी नवे रणगाडे का नाही बांधले?

रणगाडा कालबाह्य झाला म्हणतात तेव्हा त्याची तोफ आणि चिलखत कमी पडायला लागलेलं असतं. इंजिन, गिअरबॉक्स आणि पट्टे ठणठणीत असतात. जर्मनीचा पँझर २ घ्या. त्याची २० मिमीची तोफ १९४१ मध्ये रशियाच्या टी-३४ समोर कुचकामी ठरली. मोठी तोफ बसवावी तर बुरुज, म्हणजे तोफ असलेला वरचा भाग, ज्या गोल कड्यावर फिरतो त्याचा घेर लहान. तोफेचा मागे येणारा धक्का आणि गोळा भरणारा माणूस त्यात मावत नाही. बुरुजच उतरवला की ही अडचण संपते. मग तोफ थोडीच डावी-उजवी वळते, जास्त वळायचं तर अख्खी गाडी फिरवायची. काही किलोमीटर मागून मारा करणाऱ्या तोफखान्याला तेवढं पुरतं.

पहिला प्रयत्न अगदी ओबडधोबड होता. १९४० मध्ये ३८ पँझर १ गाड्यांवर १५ सेंमीची तोफ चढवली, तीही चाकांसकट! गाडी उंच झाली आणि चिमुकल्या सांगाड्यावर भलताच भार आला.

पँझर २ च्या सांगाड्यावरची तोफगाडी वेस्पे मात्र विचार करून केलेली. मी तिचं १:३५ मॉडेल जोडलं तेव्हा ती खरी समजली. पँझर २ चं इंजिन मागे होतं, ते उचलून मध्ये आणलं. त्यामुळे मागचा भाग मोकळा झाला, आणि तिथे १०.५ सेंमीची हॉवित्झर (उंच कमानीत गोळे फेकणारी तोफ), तिचे तोफची आणि ३२ गोळे बसले. वर छप्पर नाही आणि भोवतीचा पत्रा जेमतेम १० मिमीचा. जवळ गोळा फुटला तर आतल्यांचं काय होत असेल, हे ते पातळ तुकडे चिकटवताना सारखं मनात येत होतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही वेस्पेतच आहे. वेस्पेसाठी १९४३ मध्ये पँझर २ च्या सांगाड्यांचं चालू उत्पादनच वळवलं. म्हणजे फुकट जाऊ दिली नाही ती नुसती जुनी गाडी नव्हे, तर तिचा बसलेला कारखाना: साचे, यंत्रं आणि हात बसलेले कामगार. नव्या रणगाड्यासाठी हे सगळं पुन्हा उभं करायचं तर वेळ जातो, आणि युद्धात तोच नसतो. वेस्पे ६७६ बनल्या आणि पँझर डिव्हिजनबरोबर, म्हणजे रणगाडा दलांबरोबर, धावल्या. बाकी जर्मन तोफखान्याचा मोठा भाग शेवटपर्यंत घोडेच ओढत होते.

घाईची किंमत मात्र ब्रिटिशांच्या बिशप नावाच्या तोफगाडीत दिसते. व्हॅलेंटाइन रणगाड्यावर २५ पाउंडर (सुमारे २५ पौंडांचा गोळा डागणारी) तोफ बसवली, पण बंद पेटीत, त्यामुळे नळी १५ अंशांच्या वर जाईना. एरवी १२ किलोमीटरपर्यंत मारणारी तोफ ६ किलोमीटरही गाठेना. मग तोफची मातीचा चढ रचून गाडी त्यावर चढवायचे आणि तोंड वर करून गोळे डागायचे.