जुन्या कॉमेडीत गे पात्रं नव्हतीच?

प्रश्न: ताई, मी फोंड्याची, कॉलेजात आहे. रात्री जेवताना आम्ही जुने अमेरिकन कॉमेडी शो लावतो. गे पात्र आलं की दादा म्हणतो, हे सगळं हल्लीचं फॅड, पूर्वी नव्हतं असलं काही. खरं का?

उत्तर: कसलं हल्लीचं गो! १९७१ सालचं 'ऑल इन द फॅमिली' लाव त्याला. आर्ची बंकर नावाचा तोंडाळ बाप जावयाच्या नाजूक मित्राला नावं ठेवतो, आणि मग बारमध्ये पंजा लढवताना त्याचाच धिप्पाड दोस्त, माजी फुटबॉलपटू, शांतपणे सांगतो की गे तर मी आहे, तेव्हा आर्चीचं तोंड बघ फक्त.

१९९७ तर विचारूच नको. 'सिम्प्सन्स' या कार्टूनमध्ये बाप होमर पोराला 'मर्द' करायला स्टील मिलमध्ये नेतो आणि तिथले सगळे कामगारच गे निघतात (मी अजून हसते), आणि एप्रिलात 'एलन'मधली नायिका एअरपोर्टवर 'मी गे आहे' हे मनातलं सांगायला जाते ते चुकून माईकवर अख्ख्या एअरपोर्टला ऐकू जातं. पुढच्या वर्षी तो शो बंद झाला म्हणा.

बाकी बरेचसे जोक फालतूच होते, ते खरं. 'फ्रेंड्स'नं १९९६ मध्ये दोन बायकांचं लग्न दाखवलं पण किस दाखवला नाही, आणि त्यातल्या चॅन्डलर या पात्राला लोक गे समजतात यावर मात्र किती हशा काढला! दादा नेमका कुठल्या जोकला हसतो ते बघ जरा, आणि तिथेच थांबवून विचार.