लिंक्ड लिस्ट जागच्या जागी लावताना प्रिंट थांबतच नाही. कोड आणि प्रिंट सोबत दिलंय, काय चुकतंय?

नाशिककर दिसताय! इगतपुरी, देवळाली, नाशिकरोड, निफाड, मनमाड अशी पाच नोडची लिस्ट (प्रत्येक नोडमध्ये एक नाव आणि पुढच्या नोडकडे नेणारी 'नेक्स्ट' ही लिंक) घेऊन ती पहिला, शेवटचा, दुसरा, शेवटून दुसरा अशी लावताय, आणि प्रिंटच्या शेवटी निफाड, नाशिकरोड, निफाड, नाशिकरोड अखंड येत राहतंय. चूक त्या दोन नावांपाशीच आहे. लिस्ट मध्यावर तोडायची, मागचा भाग उलटायचा आणि मग दोन्ही भाग एकाआड एक जोडायचे; त्यातलं तोडणंच राहिलं आहे.

मध्य शोधायला हेडपासून, म्हणजे पहिल्या नोडपासून, दोन पॉइंटर (नोडकडे बोट दाखवणारी व्हेरिएबल्स) निघतात: स्लो एकेक नोड आणि फास्ट दोन-दोन नोड चालतो. फास्ट मनमाडला पोचला की स्लो नाशिकरोडला असतो. इथे दोन ओळी हव्यात: स्लोचा नेक्स्ट, म्हणजे निफाड, वेगळ्या पॉइंटरमध्ये धरा, मग स्लोचा नेक्स्ट नल, म्हणजे 'पुढे काही नाही', करा. क्रम उलटा झाला तर निफाड-मनमाड हातचे गेले. तुमच्या कोडमध्ये दुसरी ओळ नाहीच. त्यामुळे मागचा भाग उलटून मनमाड → निफाड झाला, तरी नाशिकरोडचा नेक्स्ट अजून निफाडच आहे. जोडताना निफाडचा नेक्स्ट नाशिकरोड होतो आणि दोघांचं रिंगण तयार होतं.

जोडणीत 'अ' पहिल्या भागावर, 'ब' उलटलेल्या भागावर. दर फेरीला आधी दोघांचे नेक्स्ट बाजूला ठेवा, मगच अ चा नेक्स्ट ब, ब चा नेक्स्ट अ चा जुना नेक्स्ट, आणि दोघं पुढे. लूपची अट 'ब नल नाही तोवर' अशीच ठेवा. अ वर ठेवलीत तर पाच नोडना तिसऱ्या फेरीत ब नल असतो आणि प्रोग्राम तिथेच कोसळतो. नाशिकरोड एकटा उरतो, पण तो आधीच जागेवर असतो, त्याला हात लावायची गरज नाही.

नोडमधल्या नावांची अदलाबदल करून उत्तर बरोबर दिसेल, पण ती पळवाट आहे. व्यायाम लिंका फिरवण्याचा आहे. कुठेही नवा नोड बनवावा लागला तर समजा रस्ता चुकला. मागचा भाग रिकर्शनने (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावून) उलटवू नका, प्रत्येक नोडमागे स्टॅक (फंक्शन कॉलची मेमरी) भरतो आणि 'जागच्या जागी', म्हणजे जादा जागा न घेता, ही अट मोडते. मागचा, चालू, पुढचा असे तीन पॉइंटर पुरतात.

दुरुस्तीनंतर चार नोड देऊन बघा: १, ४, २, ३ यायला हवं. मग दोन, एक आणि रिकामी लिस्ट. रिकाम्या लिस्टला स्लोच नल असतो, म्हणून हेड नल आहे का ही तपासणी सगळ्यात वर.